बॅलेत करिअर: ठाणे–नवी मुंबईतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

जून उजाडला की पालकांचे फोन सुरू होतात. "मुलीला बॅलेची फार आवड आहे, प्रोफेशनल व्हायचं म्हणते. किती वर्षांचा कोर्स आहे?" असा कोर्स नसतो. आठ-दहा वर्षं जवळपास रोजचं शिक्षण, मग ऑडिशन, मग वर्षावर्षाचे करार आणि पस्तिशी-चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं हे सगळं प्रकरण आहे. मी ठाण्यात वाढले, युरोपातल्या एका छोट्या बॅले कंपनीत कोर द बॅलेमध्ये, म्हणजे एकसाथ हलणाऱ्या समूहात नाचले आणि आता नवी मुंबईत शिकवते. ज्यांच्या घरात या क्षेत्रातलं कोणीच नाही, त्यांना कुठून सुरुवात करायची हे कळावं म्हणून हे लिहितेय.

## १. आधी क्लास बघा, शो नंतर

यूट्यूबवर ‘स्वान लेक’ या बॅलेचे तुकडे बघून मुलं या वाटेला येतात. त्यात वाईट काही नाही, पण व्यावसायिक डान्सरच्या आयुष्यात स्टेजचा वाटा थोडा आणि क्लासचा फार मोठा. क्लास साधारण दीड तासाचा. बारला, म्हणजे आडव्या दांडीला धरून प्लिए (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं), मग हळूहळू मोठ्या हालचाली. त्यानंतर बार सोडून मधोमध, शेवटी उड्या. क्रम जवळजवळ रोज तोच. शिकण्याच्या पहिल्या वर्षातली मुलगी प्लिएने सुरुवात करते आणि कंपनीतली सगळ्यात मोठी प्रिन्सिपल, म्हणजे प्रमुख नर्तिकाही प्लिएनेच.

हे पाहायचं असेल तर ‘वर्ल्ड बॅले डे’ शोधा. २०१४पासून जगभरातल्या मोठ्या कंपन्या वर्षातून एक दिवस आपला सकाळचा क्लास आणि तालमी इंटरनेटवर फुकट दाखवतात. पूर्ण क्लास मुलांसोबत बसून बघा. मूल वीस मिनिटांत उठून गेलं तर ती माहितीच आहे, रागावू नका. ते उभं राहून खुर्चीला धरून सोबत करायला लागलं, तर पुढचं वाचा.

माझ्या मते एवढा एकच प्रश्न खरा आहे: टाळ्या नसताना, वर्षभर कुठलंही गॅदरिंग नसताना, मुलाला क्लासला जावंसं वाटतं का? लवचिकता, पायाची कमान, उंची हे सगळं त्यानंतर.

## २. वयाचं गणित मांडा

इथे गोड बोलून उपयोग नाही. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकॅडमी साधारण १०व्या वर्षी मुलं घेते. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये ११व्या वर्षापासून पूर्णवेळ शिक्षण सुरू होतं आणि १६व्या वर्षी वरच्या शाळेचा टप्पा येतो. स्वित्झर्लंडमधली ‘प्री द लोझान’ ही स्पर्धा १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे आणि तिथूनच शाळांच्या शिष्यवृत्त्या मिळतात. कंपनीचा पहिला करार बहुतेकांना १७ ते १९च्या दरम्यान मिळतो. म्हणजे आपल्याकडे मूल अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरत असतं, तेव्हा तिकडच्या मुलांच्या हातात प्रशिक्षणाची सहा-सात वर्षं जमा असतात.

उशिरा येऊन जमलेली माणसं आहेत. अमेरिकेची मिस्टी कोपलंड १३व्या वर्षी सुरू झाली आणि २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल झाली. आपल्या मुंबईतले अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान हे येहुदा माओर या शिक्षकांकडे घडले; एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सीचालक. अमिरुद्दीनची २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलसाठी निवड झाली. दिल्लीच्या कमल सिंगचे वडील ई-रिक्षा चालवायचे. तो २०२० मध्ये लोकवर्गणीच्या आधाराने इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला गेला.

ही नावं पालक मला ऐकवतात आणि त्यातलं सोयीचं तेवढंच घेतात. ही मुलं शनिवार-रविवारच्या बॅचमधून तिथे पोचलेली नाहीत. दिवसाचे कित्येक तास, वर्षानुवर्षं, एका शिक्षकाच्या नजरेखाली त्यांनी काढले. आणि आपल्याकडची ही तिन्ही मुलं म्हणजे मुलगेच. जगभर बॅलेत मुलग्यांची चणचण असते, त्यामुळे त्यांना उशीर थोडा माफ होतो आणि फीची सवलत लवकर मिळते. मुलींच्या रांगा लांब आहेत. हे अन्यायाचं वाटतं, आहेही.

मुलग्यांच्या पालकांसाठी जाता जाता: "टाइट्स घालून नाचणार का?" हा प्रश्न काका-मामा विचारणारच. उत्तर देत बसू नका. एका लिफ्टमध्ये, म्हणजे जोडीदाराला उचलताना, पूर्ण वाढलेल्या माणसाला डोक्यावर धरायचं असतं, तेवढं त्यांना करून बघायला सांगा.

## ३. शिक्षक पारखा, आणि पायाखालची जमीनही

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आता ‘बॅले’ची पाटी दिसते. चार-पाच वर्षांच्या मुलींना गुलाबी फ्रॉक घालून तालावर फिरवायला त्यातलं काहीही चालेल. व्यवसाय म्हणून शिकायचं असेल तर शिक्षकांना सरळ विचारा:

- तुम्ही कोणत्या पद्धतीत शिकलात आणि कोणाकडे?
- तुमचे विद्यार्थी कोणत्या परीक्षा देतात?
- मुलींना पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक शूज, कधी देता आणि ते कसं ठरवता?
- तुमच्याकडून पुढे पूर्णवेळ शिक्षणाला कोणी गेलंय का?

लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२०ची. तिच्या परीक्षा भारतात होतात आणि तिचे नोंदणीकृत शिक्षक तिच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शिक्षकाने हे नाव घेतलं तर तिथे जाऊन ताडून बघा. याशिवाय चेकेट्टी, वागानोवा अशा पद्धती आहेत. कोणती चांगली यावर डान्सर लोक रात्रभर भांडू शकतात, तुम्ही त्यात पडू नका.

पालक हमखास फसतात ते ग्रेडमध्ये. ग्रेड १ ते ८ ही एक शिडी आहे आणि इंटरमिजिएट फाउंडेशनपासून ॲडव्हान्स्ड २ पर्यंत दुसरी. व्यवसायाकडे जाणारी शिडी ती दुसरी. ग्रेड ८ला डिस्टिंक्शन मिळालं म्हणजे कंपनीचं दार उघडलं असं नाही. स्पर्धांच्या ट्रॉफ्यांबद्दल तर बोलायलाच नको. भाग घेतलेल्या सगळ्यांना जिथे ‘इंटरनॅशनल अवॉर्ड’ मिळतं, तिथे फी भरून तुम्ही ट्रॉफी विकत घेतलेली असते.

जमिनीकडे कोणी बघत नाही. बॅलेच्या जमिनीखाली हवा किंवा फोम असतो, वर लाकूड आणि त्यावर मार्ली नावाची व्हिनाइलची चटई. उडी मारून खाली आल्यावर धक्का जमिनीने पोटात घ्यायचा असतो. ग्रॅनाइट किंवा टाइल्सवर पातळ रबरी मॅट टाकली तर जमीन दिसते मऊ, पण खाली काँक्रीट असतं आणि धक्का थेट नडगीत जातो. काही महिन्यांनी मूल "हाड दुखतंय" म्हणायला लागतं. क्लास लावण्याआधी मॅटचा कोपरा उचलून खाली काय आहे ते बघा. कोणी हसलं तर हसू द्या. घरच्या टाइल्सवर बारचे व्यायाम चालतील, उड्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूही दुवा देतील.

## ४. प्रवासाचं वेळापत्रक

चांगल्या शिक्षकांचे वर्ग बरेचसे दक्षिण मुंबईत आणि पश्चिम उपनगरांत आहेत. ठाण्याहून अंधेरी-वर्सोव्याकडे जायचं तर लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो हे दादरला गाडी बदलण्यापेक्षा खूप सुसह्य. वाशी-नेरूळहून दक्षिण मुंबईला हार्बरची गाडी थेट जाते. वांद्रे-अंधेरीला जायचं तर वडाळ्याला बदला. ठाणे आणि नवी मुंबईमध्ये ट्रान्स-हार्बर आहेच, त्यामुळे चांगला शिक्षक खाडीच्या पलीकडे असला तरी घाबरू नका.

प्रवासात गेलेला वेळ झोपेतून कापू नका, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. डबा दोन वेळचा न्या. क्लासआधी दीड-दोन तास पोटभर आणि क्लास सुटल्यावर लगेच काहीतरी, मग गाडी. घरी पोचेपर्यंत उपाशी राहणारी मुलंच आधी दुखापतीत सापडतात.

## ५. साहित्य, आणि पॉइंट शूजची घाई

सुरुवातीला फार काही लागत नाही:

- लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) आणि टाइट्स. मुलग्यांना अंगासरशी टी-शर्ट आणि टाइट्स
- कापडी किंवा चामड्याचे सॉफ्ट शूज, वाढत्या मापाचे नव्हे, पायात नेमके बसणारे
- बनसाठी हेअरनेट, आकडे, पिना
- इलास्टिक बँड, टेनिस बॉल, पाण्याची बाटली
- सुई-दोरा, कारण रिबिनी स्वतःच शिवायच्या असतात

पॉइंट शूजचं टोक लोखंडाचं किंवा लाकडाचं असतं असा समज आहे. ते कापड, कागद आणि खळ यांच्या थरांचं असतं. पाय आणि घोटे तयार झाल्याशिवाय ते घालायचे नाहीत. साधारण ११-१२ वर्षांच्या आधी तर नाहीच, आणि त्यानंतरही वय पाहून नाही, ताकद पाहून. गॅदरिंगमध्ये छान दिसावं म्हणून आठ वर्षांच्या मुलीला पॉइंटवर चढवणारा शिक्षक भेटला तर त्याच दिवशी क्लास सोडा. या बाबतीत माझ्याकडे दुसरं मत नाही.

पहिली जोडी शक्यतो ऑनलाइन मागवू नका. पायाची रुंदी, बोटांची लांबी, कमान हे सगळं बघून शिक्षकासमोर बसवून घ्यायची असते. परदेशी ब्रँडची एक जोडी काही हजारांना पडते आणि रोज वापरली तर फार टिकत नाही. मोठ्या कंपनीतली प्रमुख नर्तिका एका प्रयोगात एक जोडी संपवते. त्यात आपला पावसाळा. दमट हवेत खळ सुटते आणि टोक पापडासारखं मऊ पडतं. म्हणून जून ते सप्टेंबर शूज प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका. जाळीची पिशवी घ्या, घरी आल्यावर कागदाचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, जमलं तर दोन जोड्या आलटून पालटून वापरा. उन्हात किंवा इस्त्रीखाली नको.

## ६. दहावी-बारावीचं काय करायचं

सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात, आणि ती नाचात कमी पडली म्हणून नव्हे. नववीच्या मे महिन्यात कोचिंग क्लास सुरू होतो, क्लास म्हणतो "एक वर्ष नाच बंद ठेवा", घरचे मान हलवतात. एक वर्ष बंद ठेवलेला बॅले त्या वयात बहुधा परत उभा राहत नाही. शरीर त्याच वर्षात उंच होतं, वजन सरकतं, तोल बदलतो. नेमकं तेव्हाच शिक्षकाचं लक्ष असावं लागतं.

म्हणून हा निर्णय सातवी-आठवीतच घरी बसून बोला. पर्याय असे:

- नेहमीची शाळा, पण कोचिंग क्लासशिवाय किंवा फक्त दोन विषयांना. आठवड्याला चार-पाच बॅले क्लास बसतात. ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांत समाधान मानायची घरच्यांची तयारी हवी.
- राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून. त्याच्या अटी आणि मुदती शाळेत वेळेवर विचारा, ऐनवेळी धावपळ होते.
- राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी किमान वय १४. विषय थोडे थोडे करून देता येतात, हा मोठा फायदा.

दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात ते शास्त्रीय नृत्य, लोककला वगैरेंसाठी. त्या भरवशावर बॅले धरू नका.

तिसरा पर्याय ऐकला की आजी-आजोबा गप्प होतात, "शाळाच सोडली?" असं शेजारी विचारतात. मी स्वतः नेहमीच्या शाळेतून गेले आणि ते जमलं. पण आज माझ्याकडे येणाऱ्या गंभीर मुलांपैकी मुक्त विद्यालयातली मुलं जास्त ताजीतवानी दिसतात, हेही खरं. बारावी मात्र काहीही करून पूर्ण करा. परदेशी शाळांना, व्हिसाला आणि नंतरच्या आयुष्याला ती लागतेच.

## ७. शरीराची निगा

घोटा मुरगळणं, टाचेमागची शिर दुखणं, पावलाच्या हाडाला बारीक चीर जाणं, कंबरेच्या सांध्याची कुरकुर, या रोजच्या तक्रारी. खेळाडूंना तपासणारा फिजिओथेरपिस्ट आधीच शोधून ठेवा. ठाण्यात आणि वाशीत आता ते आहेत. साध्या दवाखान्यात "नाच बंद करा" किंवा "स्प्रे मारा, काही होत नाही" अशी दोनच टोकांची उत्तरं मिळतात. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं हाडाचं दुखणं, जे रात्रीही थांबत नाही, ते कधीही अंगावर काढायचं नाही.

पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, ज्याला टर्नआउट म्हणतात, ते खुब्यातून यायला हवं. गुडघा आणि घोटा पिळून ते खोटं आणता येतं आणि आरशात छानही दिसतं. अशा मुलांचे गुडघे विशीत जातात.

आता खाण्याबद्दल. बॅलेत वजनाची बडबड जगभर आहे आणि तिने कित्येक मुलींचं वाटोळं केलंय. कमी खाऊन नाचलं की हाडं ठिसूळ होतात आणि पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी थांबणं हे मेहनतीचं लक्षण आहे असं कोणी सांगितलं तर त्या माणसावर विश्वास ठेवू नका, मुलीला डॉक्टरकडे न्या. नाचणी, उसळी, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते भरपूर. गणपतीत उकडीचे मोदक खाल्ल्याने कोणाचं अरबेस्क, म्हणजे मागे उचललेला सरळ पाय, खाली येत नाही.

## ८. ऑडिशन आणि कागदपत्रं

युरोप-अमेरिकेसारखी बारा महिने पगार देणारी मोठी बॅले कंपनी आपल्याकडे नाही. त्यामुळे पूर्णवेळ बॅले म्हणजे परदेश, हे आधीच धरून चाला. बहुतेक शाळा पहिली चाळणी व्हिडिओवर करतात: बारचे आणि मधले ठरावीक व्यायाम, काही उड्या, मुलींसाठी पॉइंट, एखादं छोटं एकल नृत्य. सोबत अरबेस्क वगैरे ठरलेल्या स्थितींचे फोटो. पार्श्वभूमी साधी, कपडे साधे, कॅमेरा स्थिर, चेहऱ्यापासून पायापर्यंत सगळं चौकटीत. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याला सांगाल तर आधी बजावा की पावलं कापायची नाहीत आणि स्लो मोशन अजिबात नको.

फाइल आतापासून तयार ठेवा:

- जन्मदाखला, मुलाच्या पूर्ण नावासह
- पासपोर्ट
- शाळेच्या गुणपत्रिका आणि बोनाफाइड
- बॅले परीक्षांची प्रमाणपत्रं, शिक्षकांचं शिफारसपत्र
- वैद्यकीय तपासणीचा अहवाल, जुन्या दुखापतींची नोंद
- आई-वडिलांचं संमतीपत्र, बँकेची स्टेटमेंट्स
- व्हिडिओ आणि फोटो, तारीख टाकून, दर सहा महिन्यांनी नवे

इथे तीन खड्डे आहेत. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आधारवर आणखी तिसरंच. स्पेलिंग तरी सगळीकडे एक असू द्या. परदेशातल्या कारकुनाला ‘देशपांडे’ आणि वडिलांचं नाव यातला फरक कळत नाही. दुसरं, अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा असतो. तो कोर्सच्या मध्येच संपणार असेल तर आधीच वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. तिसरं, ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मामाने आदल्या आठवड्यात टाकलेले पैसे चालत नाहीत. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर क्षयरोगाची तपासणीही लागते.

आणखी एक. "निवड झाली" असं पत्र आलं की पेढे वाटण्याआधी ते नीट वाचा. उन्हाळी शिबिरात फी भरून मिळालेली जागा आणि पूर्णवेळ शाळेतला प्रवेश वेगळा. काही कंपन्या ‘ट्रेनी’ म्हणून घेतात आणि पगार देण्याऐवजी उलट फी मागतात. एखाद्या वर्षापुरतं ते चालेलही, पण पुढे करार मिळालेली किती मुलं आहेत हे विचारा आणि त्यांच्यापैकी दोघांशी स्वतः बोला.

## ९. कंपनीत गेल्यावर

सकाळी दहाच्या सुमाराला क्लास, मग संध्याकाळपर्यंत तालमी, प्रयोग असेल त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत. सुरुवात कोरमधून. ‘स्वान लेक’च्या तलावकाठच्या दृश्यात नायिका नाचत असताना बाजूला हंसांच्या रांगा न हलता उभ्या असतात. पोटरीत गोळा येतो, नाकाला खाज सुटते, आणि हलायचं नाही. नाचण्यापेक्षा ते उभं राहणं अवघड. डिसेंबरात ‘नटक्रॅकर’चे प्रयोग इतके लागतात की कोणता अंक चाललाय हे स्टेजवर गेल्यावरच आठवतं. कास्टिंगचा कागद भिंतीवर लागतो, त्यात आपलं नाव कुठे आहे हे सगळ्यांसमोर कळतं. दिवाळीत घरी फोन करायला दोन तालमींमधली वीस मिनिटं मिळतात.

मग मिळतं काय? ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकात पांढऱ्या पोशाखातल्या दोन रांगा एका पायावर सरकत एकमेकींतून आरपार जातात. तो क्षण जमला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण त्याआधीच रांगेतल्या प्रत्येकीला कळलेलं असतं. शेजारणीचा श्वास ऐकून तुम्ही पाऊल टाकता. स्टेजसमोरच्या खड्ड्यात जिवंत वाद्यवृंद असतो आणि त्याचे कंप जमिनीतून तळव्यांना लागतात. आणि जगात कुठेही जा, तोक्योत किंवा बर्लिनमध्ये, अनोळखी क्लासात बारला उभं राहिलं की भाषा येत नसली तरी पुढे काय करायचं ते कळतं. परक्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात मला त्याचा फार आधार वाटला.

## १०. पैसे, आणि चाळिशीनंतर

कोरचा पगार घरभाडं आणि खाणं भागवेल एवढा धरा. घरी पैसे पाठवता येतील असं गृहीत धरून कर्ज काढू नका. भारतात राहून बॅलेवर जगणारे शिकवतात, कंटेम्पररी ग्रुपमध्ये नाचतात, जाहिराती-सिनेमांची कामं घेतात, पिलाटेज हा व्यायामप्रकार शिकवतात. शिकवणं हे त्यातलं सगळ्यात स्थिर.

नाचणं बहुतेकांचं पस्तिशी ते चाळिशीत थांबतं. पॅरिस ऑपेरात निवृत्तीचं वय ४२ ठरलेलं आहे आणि तिथे पेन्शन असते. बाकी ठिकाणी तुमचं तुम्हाला बघायचं. म्हणून पहिल्या करारासोबतच पदवीला नाव घाला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, दोन्ही चालतील. परदेशातून परीक्षा कशी द्यायची ते प्रवेशाआधी विचारून घ्या. शिक्षक होण्याचं प्रमाणपत्र पाय धड असतानाच मिळवा.

जायच्या आधी बँकेतली दोन कामं उरकून टाका. पीपीएफ खातं उघडायचं असेल तर निघण्यापूर्वी उघडा, कारण अनिवासी झाल्यावर नवं खातं उघडता येत नाही. आधीचं मात्र मुदत संपेपर्यंत चालतं. आणि तिकडे नोकरी लागली की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या. आई किंवा बाबांपैकी एकाला त्याचे अधिकार देऊन ठेवा, म्हणजे सहीसाठी कोणाला विमान पकडावं लागणार नाही.